युकुलेले हाताने बनवायचं: वाड्याचं सागवान की आंबा?

पैसे वाचवायला म्हणून युकुलेले, म्हणजे गिटारसारखं छोटं चार तारांचं वाद्य, बनवणार असाल, तर आधीच सांगतो, वाचणार नाहीत. शिकाऊ दर्जाचं तयार वाद्य दोन-अडीच हजारांत घरपोच येतं. घरी करायचं म्हटलं तर खुंट्या, फ्रेटची (मानेवरच्या आडव्या पट्ट्यांची) तार, नायलॉनच्या तारा आणि चार क्लॅम्प यांतच त्यातले निम्मे उडतात. हात शिवशिवत असतील तरच पुढे वाचा.

१८७९ मध्ये मदेरा बेटावरून हवाईला गेलेल्या पोर्तुगीजांमुळे हे वाद्य घडलं आणि तिथल्या कोआ लाकडात रुळलं. कोआ आपल्या बाभळीच्या गोतातलं, म्हणून बाभूळ घ्यायचा मोह होतो. नको. जड लागते आणि रंध्याला दाद देत नाही.

नाशकात सहज हाती येतं ते जुनं सागवान. पंचवटीत, जुन्या नाशकात वाडे उतरवले की तुळया आणि दारं जुन्या लाकडाच्या दुकानांत येऊन पडतात. पन्नास-साठ वर्षं वाळलेलं लाकूड आता वाकून वाकून किती वाकणार? वजनही आड येत नाही: घनमीटरला साधारण साडेसहाशे किलो, कोआ त्याहून थोडंच हलकं. भानगड वेगळीच आहे. आत खिळा असेल तर आरा मशीनवाला हात लावत नाही. आधी एकेक खिळा उपसायचा. लाकूड तेलकट, त्यामुळे सांधा चिकटवण्याआधी लगेच थिनरने पुसला नाही तर गोंद धरत नाही. आणि जुनं सागवान वाकवताना कडकन मोडतं. माझ्या वाद्याच्या दोन बाजू अशाच गेल्या. त्या तापलेल्या पाईपवर दाबून वाकवायच्या असतात. पाईप पुरता तापायच्या आत मी जोर लावला होता. फळी दोन मिलिमीटरहून जाड ठेवू नका.

आंबा स्वस्त. खोक्यांच्या फळ्या म्हणून वखारीत मिळतो, रंधा लोण्यासारखा चालतो, रेषा तर कधी कधी बघत राहावी अशी. हवाईतही आंब्याची युकुलेले बनतात. पण तो ओला असतो आणि किडा लवकर लागतो. फळीवर पिठासारखा भुसा दिसला की सरळ परत करा. इंचभर जाड फळी सावलीत वाळायला वर्षभर धरा, पातळ चिरून मध्ये पट्ट्या घालून रचली तर लवकर. मी श्रावणात तबली, म्हणजे वरची पातळ फळी, चिकटवली. दमट हवेत ती फुगलेली होती. एप्रिलच्या कोरड्या उन्हात आकसली, कडा गोंदाने धरलेल्या, मग मधोमध चीर.

मिरजेत सतारीला वापरतात ते तूण मिळालं तर दोन्ही विसरा. हलकं असतं आणि निमूट वाकतं.

पहिल्या वाद्याला मी अख्खं सागवान घेईन. दुसऱ्याला पोट आंब्याचं, मान मात्र सागवानाचीच, कारण तारांच्या ओढीने वाकते ती मान. सोप्रानोची, म्हणजे लहान आकाराच्या युकुलेलेची, तार ३४५ मिलिमीटर धरली तर पहिली फ्रेट वरच्या टोकापासून १९.४ वर, पुढे उरलेली लांबी दर वेळी १७.८१७ ने भागत जायचं.

जूनमध्ये सुरुवात करत असाल तर आंबा चिरून रचून ठेवा आणि पावसाळाभर मान घासत बसा. तबलीला गोंद फेब्रुवारीत.