402 मीटरची हौस, 38,700 चं बिल : अक्कलकोट रोडवरच्या गॅरेजचा अनुभव

गॅरेजचं नाव टाकत नाहीये, तिथले मिस्त्री अण्णा, त्यांनीच बजावलंय की टाकू नको, आधीच रात्रीची रेसवाली पोरं येऊन डोकं खातात. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत लेथवाल्यांची ओळ आहे बघा, तिच्या मागच्या बोळात, पाटीबिटी काही नाही, लिंबाखाली दोन गिअरबॉक्स उघडे पडलेले दिसले की समजायचं आलं. 5 पैकी 4 स्टार देतोय, एक कुठं कापला ते सांगतो पुढं.

आता मी तिथं का गेलो ते. माझी टर्बो पेट्रोल हॅचबॅक आहे, 5 गिअर मॅन्युअल, 62 हजार किलोमीटर पळलेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण चूक कंपनीची नाहीच, शंभर टक्के माझी आहे. डिसेंबरात एका खाजगी धावपट्टीवर ड्रॅगचा, म्हणजे उभ्या गाडीनं सुटून सरळ 402 मीटर पळायचा इव्हेंट होता, फी भरून, हेल्मेट घालून, अँब्युलन्स उभी वगैरे, सगळं रीतसर. तिथं चार रन मारले. आरामात क्लच सोडून 17.62 सेकंद, आणि 4 हजार आरपीएमवर रेस धरून क्लचवरचा पाय झटक्यात काढला तेव्हा 17.31. म्हणजे कमाई किती, 0.31 सेकंद. बिल 38,700. भागाकार करून बघितला, सेकंदाला जवळपास सव्वा लाख पडले आणि घरी हा हिशोब अजून सांगितलेला नाही.

गाडी तिथून सोलापूरपर्यंत अगदी नीट आली हां, काहीही नवीन आवाज नाही. पुढच्या गुरुवारी आईला घेऊन अक्कलकोटला निघालो, एका ट्रकला ओव्हरटेक करायला चौथ्यात पाय दाबला तर आरपीएमचा काटा वर आणि स्पीड आहे तिथंच, आणि जळका वास. आई म्हणते कुणीतरी कचरा पेटवलाय. मी म्हणलं हो.

दुसऱ्या दिवशी गाडी अण्णांकडं नेली. ट्रायल मारायला बसले, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले, उतरले आणि पहिला प्रश्न, "कुठं पळवालास बे ही?" मी म्हणलं कुठं नाही अण्णा, रोज चिंचोलीला कामाला जातो फक्त. त्यांनी बॉनेट उघडलं, पोराला आत बसवलं, हँडब्रेक ओढून जरा क्लच सोडायला लावला, तर इंजिन जागेवरून उठून बसलं, दिसण्याइतकं. म्हणाले फाउंडेशनचं, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते रबर फाटलंय, कामाला जाणाऱ्याचं असं फाटत नाही, खरं सांग. मग सांगितलं सगळं. इव्हेंटच्या आधी महिनाभर दर रविवारी चिंचोली एमआयडीसीच्या मोकळ्या रस्त्यावर लॉन्चची, म्हणजे रेस धरून उभी गाडी झटक्यात सोडायची प्रॅक्टिस करत होतो ते पण सांगितलं. वीस-पंचवीस वेळा तरी असेल.

आणि मला या गॅरेजबद्दल जे लिहायचंय ते इथून पुढं आहे. बाकी ठिकाणी काय होतं, "क्लच गेला साहेब, एवढे पडतील" आणि संध्याकाळी चावी हातात. इथं प्रत्येक पार्ट काढला की हाक मारतात, ये, बघ. जमिनीवर जुनी चादर अंथरून त्यावर ओळीनं मांडतात, आणि काय का गेलं ते बोट ठेवून दाखवतात.

क्लच प्लेट एका बाजूनं रिव्हेटच्या डोक्यापर्यंत घासलेली, दुसऱ्या बाजूला काचेसारखी चकाकी. प्रेशर प्लेटवर (क्लच प्लेट दाबून धरते ती) आणि फ्लायव्हीलवर (इंजिनला जोडलेलं जड चाक) निळे-जांभळे डाग. अण्णा म्हणाले हा रंग म्हणजे लोखंड तिथं 300 अंशाच्या घरात गेलं होतं, आणि नुसता रंग असेल तर लेथवर फेसिंग मारून, म्हणजे वरचा थर तासून निघतो पण उष्णता खोल गेली असेल तर तेवढा ठिपका बाकीच्यापेक्षा कडक होतो, मग फेसिंग मारलं तरी तिथला उंचवटा राहतो आणि नवीन प्लेट टाकून पण गाडी उचलताना थरथरते. माझं वरवरचं निघालं, नशीब. लेथवाल्याकडं मी स्वतः गेलो होतो फ्लायव्हील घेऊन, 900 रुपये.

रोजच्या चालवण्यात क्लच फार तर सेकंदभर घसरतो आणि तेही हळू रेसवर. लॉन्चला एका बाजूला 4 हजारानं फिरणारं फ्लायव्हील, दुसऱ्या बाजूला उभी गाडी, आणि मधली सगळी घासाघीस त्या एका प्लेटवर. बरं पुढं पण झटका जातोच. अण्णांनी खडूनं फरशीवर गणित मांडलं, माझ्या गाडीचा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, 175 न्यूटन मीटर, पहिला गिअर आणि डिफरन्शियल (दोन्ही चाकांना जोर वाटणारा भाग) मिळून साधारण 14 पट, म्हणजे एक्सलवर 2,450 च्या आसपास, आणि ते सुद्धा सुरळीत दिलं तर. पाय झटक्यात काढला की फ्लायव्हीलमध्ये साठलेला जोर वरून येऊन आदळतो, तो या आकड्यात धरलेलाच नाही.

मग एक्सल. पुढची चाकं ओढणारी गाडी असली की लॉन्चला वजन मागं जातं, पुढची चाकं हलकी होतात, नेमकी ज्यांना पकड पाहिजे तीच. मग ती फिरतात, पकडतात, परत फिरतात, पुढून धड धड धड असा आवाज येतो. मला वाटायचं काय भारी, गाडीत दम आहे. अण्णा म्हणाले तो दम नव्हता, तुझ्या सीव्ही जॉइंटवर, म्हणजे एक्सलच्या टोकाच्या सांध्यावर सेकंदाला कितीतरी घण पडत होते. डाव्या बाजूचा बाहेरचा जॉइंट गेलेला, हातात धरून फिरवला तर कट कट लागत होता. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी उचलली की येणारा टक टक आवाज मी महिनाभर दगड अडकलाय म्हणून सोडून दिला होता. त्या धडधडीला एकच उपाय, लगेच पाय काढायचा, तो रन गेला तर गेला. कोण काढतो पण.

गिअरबॉक्स उघडायची माझी इच्छा नव्हती, खर्च वाढतो म्हणून, पण दुसरा गिअर टाकताना खर्र होत होतं. सिंक्रो रिंग झिजलेली. ती पितळेची बारीक दातांची रिंग असते, दोन वेगवेगळ्या वेगाचे भाग एकमेकांत बसायच्या आधी त्यांचा वेग जुळवते, आणि तिला त्यासाठी क्षणभर लागतो. आपण तो क्षणच वाचवायला बघतो. दुसऱ्या एका गाडीचे व्हॉल्व्ह त्यांनी डब्यात ठेवलेत, वाकडे, जुन्या खिळ्यासारखे. त्या पोरानं तिसऱ्यातून चौथा टाकायच्या घाईत दुसरा टाकला होता. मी विचारलं इंजिनला जास्त फिरू न देणारा लिमिटर नसतो का, तर म्हणाले लिमिटर पेट्रोल बंद करतो रे, चाकंच इंजिनला फिरवायला लागली तर तो काय करणार. बरोबर आहे की. पिस्टनला व्हॉल्व्ह धडकले, इंजिन खाली उतरवावं लागलं.

एक गोष्ट मला सगळ्यात जास्त पटली. मी ऑनलाईन एक हेवी ड्युटी सिरॅमिक क्लच बघून ठेवला होता, म्हणलं आता उघडलंच आहे तर तोच टाकू, परत जळायला नको. अण्णांनी साफ नाही म्हणून सांगितलं. "घरात फ्यूज सारखा उडतो म्हणून त्याच्या जागी जाड तार बांधलीस तर काय होतं? घर जळतं." स्ट्रीट गाडीत क्लच हा फ्यूज आहे, तो घसरतो म्हणून गिअरबॉक्स वाचतो. तो घट्ट केला की झटका पुढं डिफरन्शियलच्या पिनीवर आणि गिअरच्या दातांवर जाणार, आणि 14,200 चा क्लच सेट वाचवायला लाखाचा गिअरबॉक्स जाणार. रीमॅपचं पण तेच, लॅपटॉप लावून टॉर्क वाढतो, गिअरबॉक्सला कुणी कळवत नाही. स्वतःचा धंदा सोडून गिऱ्हाईकाला नाही म्हणणारा मिस्त्री मी तरी सोलापुरात पहिल्यांदा बघितला.

टायर आणि ब्रेकवर पण त्यांनी झापलं. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. माझा 2318. म्हणजे 2018 चा टायर घेऊन मी 130 ला पोचत होतो. आणि 130 वरून थांबवायला 60 च्या पावणेपाचपट ऊर्जा ब्रेकला खावी लागते, वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट, शाळेत शिकलोय आपण सगळे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, जुनं झालं की त्याचा उकळबिंदू उतरतो, पेडल स्पंजसारखं खाली जातं. माझं चार वर्षं बदललेलं नव्हतं. ड्रॅगमध्ये लोक पळण्याचं बोलतात, थांबण्याचं कुणी बोलत नाही, आणि तिकडं अमेरिकेत 2008 मध्ये स्कॉट कॅलिटा हा रेसर ट्रॅक संपला तरी गाडी न थांबल्यानं गेला, त्यानंतर एनएचआरए या तिथल्या ड्रॅगच्या संघटनेनं सगळ्यात वेगवान गाड्यांची रेसच 402 मीटरवरून 305 वर आणली. त्यांच्याकडं पॅराशूट असतात. आपल्याकडं चिंचोलीचा रस्ता.

चिंचोलीचं सांगायचं राहिलंच. शेवटच्या रविवारी लॉन्च मारून तिसऱ्यात होतो आणि बाजूच्या कच्च्या रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर निघाला, मागं दोन ट्रॉल्या, संध्याकाळची वेळ, मागं दिवा नाही रिफ्लेक्टर नाही. पहिली ट्रॉली दिसली, दुसरी दिसलीच नाही. कसा थांबलो मला माहीत नाही, ट्रॅक्टरवाल्यानं वळून पण बघितलं नाही. त्या दिवसानंतर रस्त्यावर बंद, खरंच बंद. मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली रस्त्यावर रेस लावली तर पहिल्या वेळेला 3 महिन्यांपर्यंत जेल किंवा 5,000 पर्यंत दंड किंवा दोन्ही, ते एक. दुसरं, विम्याची पॉलिसी काढून वाचा, वापराच्या मर्यादेत ऑर्गनाइज्ड रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं. म्हणजे फी भरून हेल्मेट घालून गेलो होतो त्या दिवशी गाडी आपटली असती तरी मला एक रुपया मिळाला नसता. हे मला अण्णांच्या बाकावर बसून कळलं, शेजारी एक विम्याचे एजंट काका गाडी घेऊन आले होते त्यांच्याकडून, आणि ते इतके आनंदानं सांगत होते की विचारू नका.

परत ड्रॅगला जाणार का? जाईन बहुतेक. पण अण्णांनी सांगितल्याप्रमाणे, 2 हजारावर धरून पाय हळू सोडायचा, दोन रनच्या मध्ये बॉनेट उघडून अर्धा तास गाडी थंड होऊ द्यायची, रन झाल्यावर लगेच चावी फिरवायची नाही, दोन मिनिटं चालू ठेवायची म्हणजे टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल आतल्या आत जळत नाही, आणि बर्नआउट, म्हणजे चाकं जागेवर फिरवून टायर तापवणं, अजिबात नाही, साध्या टायरला त्याचा काही उपयोग नाही, नुसता धूर. अजून एक, टाईम मोजायला सुरू होतो तो चाक सुरुवातीच्या रेषेवरच्या प्रकाशाच्या बीममधून हललं की, दिवा हिरवा झाल्यावर नाही. समोरच्याला हरवायचं नसेल, फक्त आपला टाईम बघायचा असेल तर दिव्यावर उडी मारायची गरजच नाही. मी चारही रन उडी मारून घालवले.

आता कापलेला स्टार. तीन दिवस सांगून दहा दिवस लावले. क्लच सेट पुण्याहून ट्रॅव्हल्सनं यायचा होता तो दोन दिवस उशिरा आला, त्यात त्यांचा दोष नाही, पण मग संक्रांत आली, सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा लागली आणि हाताखालची दोन्ही पोरं गायब. गाडी जॅकवर, चाकं काढलेली, आणि अण्णा एकटे चहा पीत बसलेत. मी काय बोलणार, मी पण त्या दिवशी गड्ड्यावरच होतो, तिथं त्यांचं एक पोरगं मला पाळण्यात दिसलं. बिल वहीच्या पानावर, जीएसटीचं मागितलं तर मिळतं पण तोंड वाकडं होतं. ड्रायव्हर सीटला ग्रीसचा हात लागलाय तो अजून निघालेला नाही, आणि बॉनेटखालची एक क्लिप हरवली.

पण लेबर 6,500, गिअरबॉक्स उघडून परत बसवण्यासकट, त्यात जुने सगळे पार्ट गोणीत घालून घरी दिले. दोन महिने झाले, 1,900 किलोमीटर, दुसरा गिअर लोण्यासारखा पडतो आणि थरथर नाही. गोणी जिन्याखाली आहे, वडील रोज विचारतात हे भंगारात घालू का.

फोन उचलत नाहीत, सरळ जा, सकाळी अकराच्या आत. अमावास्येला बंद असतं.