स्क्रॅच: भाचीचा पहिला गेम आणि माझं मत

नऊ वर्षांच्या भाचीला स्वतःचा गेम बनवायचा होता, आणि निसटलेला एखादा कंस शोधताना ती रडकुंडीला यावी अशी माझी इच्छा नव्हती. म्हणून स्क्रॅच घेतलं. यात कोड टाइप करायचा नसतो, सूचनांचे ठोकळे एकमेकांना जोडून प्रोग्रॅम बनतो. एमआयटी मीडिया लॅबमधून २००७ साली आलेलं हे साधन फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं आणि नेट धड नसेल तर त्याचं ॲप उतरवून घेता येतं. टॅबलेटवरही चालतं, पण शिकवायचं असेल तर माऊस आणि कीबोर्डच बरा.

गेम ठरला साधा. वरून तारे पडतात, खाली टोपली सरकते. ‘व्हेन राइट ॲरो की प्रेस्ड’ (उजवा बाण दाबला की) या ठोकळ्याला ‘चेंज एक्स बाय १०’ (१० नं उजवीकडे सरक) जोडलं की टोपली लगेच हलते. मात्र बटण दाबून धरलं की एक पाऊल टाकते, क्षणभर अडखळते आणि मग सुटते. त्याऐवजी सतत फिरत राहणाऱ्या ‘फॉरेव्हर’ ठोकळ्याच्या आत ‘इफ’ (जर) लावून ‘बाण दाबलाय का?’ असं विचारलं की ती सलग सरकते. दोन्ही प्रकार एकापाठोपाठ चालवून दाखवा, समजावत बसावं लागत नाही.

मग स्कोअर. तारा टोपलीला लागला की एक गुण, हे ठोकळे तिनंच जुळवले. गेम सुरू करायचा हिरवा झेंडा दाबला आणि ओरडली, “मामा, स्कोअर वेडा झालाय! एका ताऱ्याचे बावीस!” स्क्रॅच सेकंदाला साधारण ३० वेळा ‘लागला का?’ असं विचारतं, आणि तारा टोपलीतून पार होईपर्यंत उत्तर ‘हो’च येत राहतं. गुण दिल्याबरोबर ताऱ्याला परत वरच्या कडेला, वाय (उंची) १८० वर पाठवायचं आणि एक्स (आडवी जागा) रँडम ठेवायचा, हा उपाय तिचाच.

मला स्क्रॅच आवडलं ते यापुढच्या गोष्टीसाठी. गेम चालू असतानाच आकडा बदलता येतो. तारा दर वेळी ५ ऐवजी १२ नं खाली आणला तर एकही हाती लागत नाही. ३ केला तर जांभया येतात. त्या एका आकड्याशी ती कितीतरी वेळ झटत होती. शेवटी म्हणाली, “सुरुवातीला हळू, आणि स्कोअर वाढला की जोरात.” गेम डिझाइन म्हणतात ते हेच, बाकी सगळी जुळवाजुळव.

तक्रारीही आहेत. तयार चित्रांचा आणि आवाजांचा साठा एवढा मोठा की मूल त्यातच हरवतं आणि गेम राहतो बाजूला. आम्ही नियम केला: खेळता येईपर्यंत फक्त गोल आणि चौकोन. दुसरं, तारे वाढवायला मुलं स्प्राइटची (म्हणजे तारा, टोपली अशा गेममधल्या वस्तूची) सरळ कॉपी मारतात. मग वेग एका ताऱ्यात बदलला तरी बाकीचे जुन्याच चालीनं पडतात. क्लोन, म्हणजे गेम चालू असताना एकाच स्प्राइटपासून तयार होणाऱ्या प्रती, लवकर शिकवा, आणि प्रत्येक क्लोनचा वेग वेगळा हवा असेल तर व्हेरिएबल (आकडा साठवायची जागा) करताना ‘फॉर धिस स्प्राइट ओन्ली’ निवडायला सांगा. तो पर्याय आपोआप निवडलेला नसतो, आणि इथे मोठी माणसंही चक्रावतात.

स्क्रॅच ८ ते १६ वयासाठी आहे असं त्यांचं म्हणणं. खालची मर्यादा पटते. त्याहून लहानांसाठी स्क्रॅचज्युनियर आहेच. वरची मला जरा सैल वाटते. तेरा-चौदाच्या मुलाला आपला गेम फोनवर ॲप म्हणून हवा असतो, आणि तशी सोय स्क्रॅचमध्ये नाही. त्यानं थेट गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरकडे वळावं.

अकाउंट नसलं तरी अडत नाही, फाइल संगणकावर साठवता येते. अकाउंट काढून गेम शेअर केलात तर कोणीही आतले ठोकळे उघडून रीमिक्स, म्हणजे बदल करून स्वतःची आवृत्ती, करू शकतो, हे मुलाला आधीच सांगून ठेवा. भाचीच्या गेमवरच्या कमेंट मी बंद ठेवल्या आहेत. रीमिक्सबद्दल तिची काही हरकत नाही, नाव मात्र तिचं दिसलं पाहिजे.