एक्क्याण्णव वर्षांच्या कानांना श्रवणयंत्र: दहा महिन्यांचा अनुभव

माझ्या सासूबाई, आमच्या आत्याबाई, ९१ वर्षांच्या आहेत. गेल्या माघात त्यांच्या दोन्ही कानांना श्रवणयंत्रं घेतली, त्याला आता दहा महिने झाले. घेण्याआधी मी पुष्कळ शोधलं. साठी-सत्तरीच्या लोकांचे अनुभव मिळाले, नव्वदी ओलांडलेल्या माणसाच्या घरातून कुणी लिहिलेलं काही हाती लागलं नाही. म्हणून सविस्तर लिहिते आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, आम्ही सांगलीत विश्रामबागेत राहतो.

आधीची स्थिती सांगते, कारण यंत्राचं मोल त्यावरूनच कळतं.

चार-पाच वर्षांत त्यांचं ऐकणं हळूहळू गेलं. आम्ही आधी ओरडून बोलायला लागलो, मग थोडक्यात बोलायला लागलो, मग हातानं खुणा करायला लागलो. "जेवलात?" "गोळी घेतली?" एवढ्यावर घरातलं बोलणं येऊन ठेपलं. त्या दिवसभर खिडकीजवळच्या कॉटवर बसायच्या आणि दोन-चार दिवसांआड म्हणायच्या, "माझ्या गवऱ्या कवाच मसणात गेल्या, मी एकटीच मागं राहिले. देवाच्या वहीतलं माझं पान चिकटलंय गं." नवं लुगडं आणलं तर हात लावायच्या नाहीत. "माझ्यापेक्षा जास्त टिकंल, परत कर." पाया पडलं की पूर्वी "औक्षवंत हो" म्हणायच्या, तेही थांबलं. नुसता हात डोक्यावर ठेवायच्या.

आणि येणारं-जाणारं माणूस त्यांच्यासमोरच, त्यांना ऐकू येत नाही म्हणून, मोकळेपणानं बोलायचं. "कंटाळल्यात आता. सुटल्या तर बरं." मीही एकदा मान हलवली आहे. दहा वर्षांपूर्वी याच घरात त्यांचं सहस्रचंद्रदर्शन झालं होतं. हजार पौर्णिमा म्हणजे ऐंशी वर्षं दहा महिन्यांच्या आसपास. मांडव होता, पंगती उठल्या, प्रत्येकानं "शतायुषी व्हा" म्हणून नमस्कार केला. त्यातलीच माणसं आता किती दिवस राहिले ते मोजत होती.

पहिलं दुकान कोणतं ते लिहीत नाही. तिथल्या माणसानं आत्याबाईंकडे पाहिलंही नाही. मला विचारलं, "वय किती? मग मॅडम, एवढं महागाचं कशाला? साधं घ्या, या वयाला पुरे." तपासणी पाच मिनिटांची, उघड्या काउंटरवर, बाहेर रस्त्यावर हॉर्न वाजत असताना. मी उठून आले. त्याआधी ऑनलाइन मागवलेलं एक छोटं यंत्र होतंच. ते सगळेच आवाज सारखे मोठे करायचं आणि कुकरसारखी शिट्टी मारायचं. आत्याबाईंनी ते दोन दिवसांत उशीखाली ढकललं. ही चूक कुणी करू नये. कानाची तपासणी न करता घेतलेलं यंत्र म्हणजे नंबर न काढता घेतलेला चष्मा.

शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी दोन्ही कानांतला मळ काढला (एवढ्यानंच थोडा फरक पडला) आणि मिरजेतल्या एका ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकणं तपासून यंत्र बसवणाऱ्या तज्ज्ञाकडे, पाठवलं. तरुण मुलगी. तिनं पहिली गोष्ट केली ती अशी: खुर्ची ओढून आत्याबाईंच्या समोर बसली, तोंड उजेडात ठेवलं, सावकाश विचारलं, "आजी, तुम्हाला कुणाचं बोलणं ऐकायचंय?"

आत्याबाई थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पणतीचं. ती बोलतच न्हाई."

त्यांची पणती चार वर्षांची आहे आणि सकाळपासून रात्रीपर्यंत बडबडते. मला तिथं उभं राहवेना.

आवाज आत न येणाऱ्या खोलीत बसवून, हेडफोन लावून, आवाज आला की बटण दाबायचं, अशी पाऊण तास तपासणी झाली. मग तिनं आलेख काढून समजावलं. वयानं कान जातात तेव्हा आधी उंच पट्टीचे आवाज जातात. म्हणजे लहान मुलांचा आणि बायकांचा आवाज, आणि स, श, च, त, फ ही व्यंजनं. म्हणून म्हाताऱ्या माणसाला कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. आपण ओरडलो की स्वर मोठे होतात, व्यंजनं तशीच फिकी राहतात आणि वर आपला चेहरा रागावलेला दिसतो. मी आयुष्यभर मुलांना बाराखडी शिकवली, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पाच वर्षं आम्ही त्यांच्यावर नुसते स्वर फेकत होतो.

यंत्र कानामागे बसणारं डिजिटल घेतलं, कानाचा साचा घेऊन बनवलेल्या मोल्डसह. जोडीला ५८,००० रुपये पडले. एकाच कानाला घेऊन भागवावं असं आमच्या घरातही बोललं गेलं. पण एका कानानं आवाज कुठून येतोय ते कळत नाही, गोंगाटात शब्द वेगळे करता येत नाहीत. परवडत असेल तर दोन घ्या. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ पूर्ण झालेल्यांना अशा साधनांसाठी एकदा ३,००० रुपये मिळतात, पण कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असावं लागतं. आम्ही त्यात बसत नव्हतो. आमच्या दिरांनी फोनवर स्पष्ट विचारलं, "एवढे पैसे घालून आता किती दिवस वापरणार?" मी त्यांना म्हटलं, भाऊजी, तुम्ही मागच्या वर्षी गाडी घेतलीत, तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं का, किती दिवस चालवणार म्हणून?

पहिले तीन आठवडे वाईट गेले, हे खरं तेच लिहिते. पंखा, भांडी, वर्तमानपत्राची घडी, स्वतःच्या बांगड्या, सगळं एकदम अंगावर आलं. आत्याबाई चिडल्या, यंत्रं काढून वाटीत ठेवली, "मला नगं हे, मरू द्या मला शांत" म्हणाल्या. ऑडिओलॉजिस्टनं आधीच बजावलं होतं की वर्षानुवर्षं शांततेची सवय झालेल्या मेंदूला वेळ द्यावा लागतो. म्हणून सकाळी एक तास, तेही बंद खोलीत एकाच माणसाशी, मग दोन तास, असं वाढवत नेलं. आवाज जुळवून घ्यायला चार वेळा मिरजेला गेलो. दर वेळी त्या मुलीनं प्रश्न आत्याबाईंनाच विचारले. सातव्या आठवड्यात त्या सकाळी उठल्या-उठल्या स्वतः यंत्र मागायला लागल्या.

पणतीनं "पणजी, तुझे दात कुठे गेले?" असं विचारलं आणि आत्याबाईंनी उत्तर दिलं, तो दिवस आमच्या घरी सण होता. त्या दोघी आता रोज दुपारी भांडतात.

आता तोटे. सेल अगदी बारीक, नारिंगी पट्टीचे, १३ नंबरचे. पट्टी काढली की मिनिटभर हवा लागू द्यायची आणि मग बसवायचा. पट्टी काढलेला सेल वापरला नाही तरी उतरतो. आमच्याकडे एक सेल आठ-दहा दिवस जातो. ९१ वर्षांच्या बोटांना तो बसवता येत नाही, म्हणजे घरात कुणीतरी रोज लागणारच. आज घेतलं असतं तर चार्जिंगचं घेतलं असतं. आणि सेल गोळ्यांच्या डब्याजवळ चुकूनही ठेवू नका. दिसायला गोळीच दिसते. एकदा आत्याबाईंनी पाण्याचा पेला घेऊन तो उचलला होता, मी वेळेवर पाहिलं. दुसरं म्हणजे ओल. कृष्णेकाठच्या पावसाळ्यात दोनदा यंत्र बंद पडलं. रात्री सेलचं झाकण उघडं ठेवून, ओल शोषणाऱ्या पुड्यांच्या डबीत यंत्र ठेवायला लागल्यापासून त्रास नाही.

तिसरा तोटा गाण्याचा, आणि आमच्यासाठी तो मोठा. आत्याबाईंचं माहेर मिरजेचं, सतारमेकर गल्लीजवळचं. तंबोरे जुळवण्याचा आवाज ऐकत वाढलेल्या बाई. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले तेव्हा त्या तीन-चार वर्षांच्या होत्या. पुढे मोठ्या झाल्यावर वडिलांचं बोट धरून त्या मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या उरसातलं गाणं ऐकायला जायच्या. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी ती बातमी पाटीवर लिहून त्यांना दाखवली होती. यंत्र आल्यावर मोठ्या हौसेनं मोबाइलवर तंबोरा लावला आणि त्यांचं तोंड उतरलं. "ह्यो काय तंबोरा? थरथरतोय." कारण असं निघालं की लांबलेला एकसुरी आवाज यंत्राला स्वतःची शिट्टी वाटते आणि ते तो दाबायला जातं. त्या मुलीनं गाण्यासाठी वेगळी सेटिंग करून दिली, बटण दाबलं की बदलते. आता जवारी (तंबोऱ्याच्या तारेचा गुंजता झंकार) लागते म्हणतात, "पण पयल्यासारखी न्हाई." तुमच्या घरातलं माणूस गाणं ऐकणारं असेल तर हे आधीच सांगा.

एक गोष्ट मात्र यंत्रासोबत कुणी सांगत नाही. ऐकू यायला लागलेल्या माणसाला सगळंच ऐकू येतं. त्यांची धाकटी बहीण त्याच्या आधीच्या पावसाळ्यात गेली होती. "त्यांना कशाला सांगायचं, सोसायचं नाही" म्हणून आम्ही लपवलं होतं. चैत्रात माझे यजमान फोनवर बोलताना त्यांनी ते ऐकलं. दोन दिवस त्या जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मला विचारलं, "मी भैरी म्हणून सांगितलं न्हाईस, का म्हातारी म्हणून?" मला उत्तर देता आलं नाही. अजून देता आलेलं नाही.

आपल्याकडे यजुर्वेदातला मंत्र आहे, जीवेम शरदः शतम्. सगळ्यांना तेवढाच पाठ असतो. पुढे आहे शृणुयाम शरदः शतम्, प्रब्रवाम शरदः शतम्, अदीनाः स्याम शरदः शतम्. शंभर वर्षं ऐकू, शंभर वर्षं बोलू, शंभर वर्षं लाचार न होता राहू. इकडे औंधला बसून वेदांचं काम करणारे पंडित सातवळेकर शंभरी गाठून १९६८ साली गेले. त्यांची भाषांतरं माझ्या वडिलांच्या कपाटात होती, तिथं मी हा मंत्र पहिल्यांदा पूर्ण वाचला. तेव्हा वाटलं होतं, मागायचंच म्हणून मागितलंय. आता वाटतं, मागणाऱ्यानं आधी घरातल्या एखाद्या बहिऱ्या म्हाताऱ्या माणसाकडे नीट पाहिलं असावं.

भाद्रपदात आत्याबाई पुन्हा म्हणाल्या, "न्यावं आता." मी घाबरले, यंत्राचा उपयोग संपला की काय. पण या वेळी मी जवळ बसून हळू आवाजात विचारू शकले, "आत्याबाई, खरंच? कशानं असं वाटतंय?" पाच वर्षांत हा प्रश्न आम्ही विचारलाच नव्हता. तो ओरडून विचारता येत नाही. शेजारच्या बंगल्यात ऐकू जाईल अशा आवाजात कुणी कसं विचारणार, तुम्हाला जगायचंय का, शेवटी नळ्या घालायच्या का, दवाखान्यात न्यायचं का?

त्या दिवशी आम्ही दोघी दोन तास बोललो. त्यांना शंभर गाठायची हौस नाही. गुडघे दुखतात, बरोबरीचं कुणी उरलं नाही, रात्र सरत नाही. पण पणतीची मुळाक्षरं पुरी झालेली बघायची आहेत. आणि मशिनवर जायचं नाही, मिरजेच्या एखाद्या दवाखान्यातल्या अतिदक्षता विभागात काचेआड पडायचं नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली अशी इच्छा आधी लिहून ठेवायला मान्यता दिली आहे आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आम्ही नोटरीला घरी बोलावलं. त्यांनी कागद मोठ्यानं वाचला, आत्याबाईंनी प्रत्येक ओळ ऐकली, दोन ठिकाणी थांबवून बदल करायला लावला आणि सही केली.

यंत्राला मी पाचपैकी चार देते, एक सेलसाठी कापला. त्या मुलीला पाच.

कागदावर सही झाल्यावर नोटरी निघाले तेव्हा आत्याबाईंनी त्यांना परत बसवलं. म्हणाल्या, अजून एक लिहा. तोंडात गंगाजळ घालतील तेव्हा माझ्या कानातलं काढायचं न्हाई. कोण कोण आलंय, काय बोलतंय, मला कळू दे. नोटरींनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली आणि त्यांनी खालच्या समासात पेनानं लिहिलं: श्रवणयंत्र काढू नये. आत्याबाईंनी ते वाचून घेतलं आणि पुढं घालायला लावलं, "सेल नवा घालावा."