फुकेतला गाडी घेतली, दिवसाला हजार बाट

नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये मी 31 वर्षं काढली, त्यातली बहुतेक तपासणीत. छापलेला कागद हाताखालून सरकताना शाई कुठे पसरली, नंबर कुठे हलला, हे डोळ्याआधी बोटांना कळायचं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचताना ‘माणूसच बावळट असणार’ असं तुमच्या मनात येईल. बावळट नव्हतो. घाईत होतो, आणि घाईत आहोत हे आमच्याआधी समोरच्याला माहीत होतं.

फेब्रुवारीत आम्ही दोघं, साडूभाऊ आणि मेहुणी असे चौघं सिंगापूरहून क्रूझवर निघालो. चार रात्री, मध्ये मलेशियातलं पेनांग आणि थायलंडमधलं फुकेत. पेनांगला जॉर्जटाउनच्या धक्क्यावरच जहाज लागतं, उतरलं की पायीच गाव. तिथे काही बिनसलं नाही. फुकेतला मात्र आमचं जहाज पाटोंगच्या खाडीत नांगरून उभं राहिलं आणि छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेऊन सोडत होते. या बोटींना टेंडर म्हणतात. शेवटची टेंडर किनाऱ्यावरून संध्याकाळी 6 ला, असं केबिनच्या दारात सरकवलेल्या पत्रकात छापलं होतं. त्याच ओळीत पुढे बारीक अक्षरांत आणखी दोन शब्द होते. ते आम्ही वाचले नाहीत.

जहाजाची स्वतःची सहल चौघांना वीस हजारांच्या पुढे जात होती. साडूभाऊ म्हणाले, “कशाला? गाडी घेऊ. कसारा घाटात ट्रकच्या मागे अर्धं आयुष्य गेलं आपलं, इथे काय अवघड आहे?” थायलंडमध्ये गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, स्टेअरिंग उजवीकडे. माझ्याकडे इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिटही होतं. पेठ रोडच्या आरटीओतून काढलेलं, फी 1000 रुपये, मुदत एक वर्ष. एवढं एक काम मी चोख केलं होतं.

टेंडरमधून उतरून रस्त्यावर आलो तर टेबलं मांडूनच बसलेले. एकाने “नमस्ते, सस्ता, सस्ता” अशी सुरुवात केली. पंचवटीत वाढलेल्या माणसाला हा सूर नवा नाही. रामकुंडावर बाहेरगावचा यात्रेकरू दिसला की कोण कसा पुढे येतो, हे मी लहानपणापासून पाहत आलो. पण तिथे आपण नेहमी या बाजूला उभे असतो. त्या दिवशी पिशव्या, टोप्या आणि गळ्यात जहाजाची कार्डं घालून आम्ही त्या बाजूला होतो.

पांढरी टोयोटा यारिस, दिवसाला 1000 बाट. म्हणजे अडीच हजार रुपये. त्याने पासपोर्ट मागितला. पासपोर्ट जहाजाने आधीच जमा करून घेतले होते आणि आमच्याकडे नुसत्या झेरॉक्स होत्या. खरं सांगायचं तर मला तेव्हा बरंच वाटलं, कारण पासपोर्ट कुणाकडे ठेवायचा नाही एवढं मला कळतं. ती पुस्तकं आमच्या शेजारच्याच सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जातात, त्यांचं मोल मला कुणी सांगायला नको. मग तो म्हणाला, 8000 बाट रोख डिपॉझिट आणि मूळ लायसन. दोन्ही घरांचे मिळून तेवढे बाट जेमतेम होते. दिले. लायसनही दिलं. नुसतं परमिट मूळ लायसनशिवाय कागदाचा तुकडा असतो, म्हणजे पुढे दिवसभर मी विनापरवाना गाडी चालवत होतो. हे मला जहाजावर परतल्यावर सुचलं.

विम्याचं विचारलं, तर काचेवरच्या स्टिकरवर बोट ठेवून म्हणाला, “फुल इन्शुरन्स.” ते स्टिकर थायलंडच्या सक्तीच्या विम्याचं. तिकडे त्याला पॉ-रॉ-बॉ म्हणतात. माणसाला इजा झाली तर त्यातून पैसे मिळतात, गाडीच्या पत्र्याला दमडी मिळत नाही. गाडीसाठी तिथे ‘फर्स्ट क्लास’ विमा वेगळा असतो. तोही गाडी भाड्याने देण्यासाठी काढलेला हवा. घरगुती वापराचा असेल तर विमा कंपनी हात वर करते. आपल्याकडेही हेच आहे. सेल्फ ड्राइव्हची कायदेशीर गाडी म्हणजे काळी पाटी, पिवळी अक्षरं. पांढऱ्या पाटीची गाडी ‘ओळखीत’ भाड्याने घेऊन त्र्यंबकला, वणीला जाणारे नाशिकमध्ये किती आहेत ते तुम्हीच आठवून बघा.

किल्ली देता देता त्याने हसत विचारलं, कुठलं जहाज? किती वाजेपर्यंत आहात? मेहुणीने बोट करून जहाज दाखवलं आणि 6 वाजेपर्यंत म्हणून सांगितलं. माणूस आपुलकीने विचारतोय असं आम्हाला वाटलं. आता विचाराल तर अख्ख्या दिवसातली सगळ्यात महाग गोष्ट आम्ही तिथे फुकट देऊन टाकली.

दिवस मात्र सुंदर गेला, ते नाकारत नाही. करोनच्या टेकडीवरून खाली एकापुढे एक तीन किनारे दिसतात. प्रोम्थेपच्या टोकावर वाऱ्यात बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. नाकर्ड डोंगरावरचा 45 मीटरचा संगमरवरी बुद्ध लांबूनच पाहिला. वाट चलोंगला गेलो. वाट म्हणजे तिकडे देऊळ. बाट मोजत वाट बघत हिंडलो आणि शेवटी आमचीच वाट लागली, असा विनोद साडूभाऊंनी नंतर केला. त्या वेळी कुणी हसलं नाही. जुन्या फुकेत गावात रंगीत चिनी-पोर्तुगीज धाटणीची घरं बघून पाटोंगची टेकडी चढून परत आलो. गाडीला कुठे खरचटलं नाही. चढउतारावरही मी पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या चालीनेच होतो.

मोबाइलमध्ये 4.10 झाले होते. टेबलावर सकाळचा माणूस नाही, दुसराच पोरगा. “वन मिनिट” म्हणाला. ते एक मिनिट वीस मिनिटांचं झालं. मग सकाळचा माणूस आला. हसू गेलेलं. गाडीभोवती फिरायचा देखावासुद्धा केला नाही, थेट डाव्या पुढच्या कोपऱ्यापाशी उकिडवा बसला आणि मोबाइलचा टॉर्च मारला. बंपरच्या खालच्या कडेला वीतभर ओरखडा, आतला काळा प्लास्टिक दिसत होता. मी शपथेवर सांगतो, तो आमच्या हातून झालेला नव्हता.

लगेच लॅमिनेट केलेला कागद आला. बंपर 12,000 बाट. गाडी दहा दिवस गॅरेजला, त्याचं बुडालेलं भाडं 10,000. एकूण 22,000.

बायको मला म्हणाली, “अहो, एक पै देऊ नका. पोलिसांना बोलवा.” मलाही तेच योग्य वाटलं. थायलंडमध्ये पर्यटकांसाठी वेगळे पोलीस आहेत, नंबर 1155, आणि तो माझ्या डायरीत लिहिलेला होता. मी घड्याळ पाहिलं, साडेचार. शेवटची टेंडर 6 ला. दीड तास आहे, होऊन जाऊ दे. मी ठणकावून म्हटलं, “कॉल पोलीस.”

तो म्हणाला, “ओके. पोलीस कम, टू अवर.” मग त्याने स्वतःचा मोबाइल माझ्यासमोर धरला आणि लहान मुलाला समजवावं तसं म्हणाला, “युअर शिप, सिंगापूर टाइम. सिक्स. थाय टाइम, फाइव्ह.”

थायलंड सिंगापूरपेक्षा एक तास मागे आहे. किनाऱ्यावर उतरल्यावर मोबाइलने तिथलं नेटवर्क पकडलं आणि घड्याळ आपोआप थाई वेळेवर गेलं. जहाज सिंगापूरच्या वेळेवरच राहिलं. पत्रकातले ते दोन बारीक शब्द होते ‘जहाजाच्या वेळेनुसार’. म्हणजे आमच्याकडे दीड तास नव्हता, अर्धा तास होता. काही जहाजं बंदराप्रमाणे घड्याळ बदलतात, काही नाही. आमच्या जहाजाची घड्याळं आम्ही चौघांनी सकाळी नाश्त्याला पाहिली होती. तरी जहाजाची वेळ त्याला ठाऊक होती, आम्हाला नव्हती.

त्यानंतर काय झालं ते नीट सांगता येणार नाही, कारण मेहुणी रडायला लागली. “भाऊजी, द्या काय ते, चला.” पासपोर्ट जहाजावर, औषधं जहाजावर, साडूभाऊंची इन्सुलिन जहाजावर. जहाजाच्या सहलीची बस अडकली तर जहाज थांबतं, स्वतःहून गेलेल्यासाठी थांबत नाही. सुटलं की पुढच्या बंदरापर्यंतचं विमान तुमचं तुम्ही बघायचं. घासाघीस करून 14,000 वर आला. डिपॉझिटचे 8000 त्याने ठेवले आणि उरलेले 6000 साडूभाऊंच्या कार्डावर. मशीनवर विचारणा आली, बाटमध्ये की रुपयांमध्ये? रुपये ओळखीचे, म्हणून रुपये दाबले. तिथे दर त्या मशीनवाल्याचा लागतो, बँकेचा नाही, आणि वर आपली बँक आपला चार्ज लावते तो वेगळा. परदेशात मशीनने असं विचारलं तर कायम तिथलंच चलन दाबा. ते 6000 बाट आम्हाला सोळा हजार रुपयांच्या वर पडले. लायसन त्याने शेवटी, पावती फाटल्यावर दिलं.

धावत सुटलो. शेवटच्या टेंडरच्या आधीची मिळाली.

रात्री डेकवर मेहुणी सकाळचे फोटो बघत होती. एका फोटोत गाडीपुढे आम्ही चौघं दात काढून उभे. तिने मोबाइल माझ्याकडे दिला आणि काही बोलली नाही. मी बोटांनी फोटो मोठा केला. गाडी धुऊन पुसून चकचकीत, काचेत झाडं दिसत होती. फक्त डाव्या पुढच्या कोपऱ्याला, बंपरच्या खालच्या कडेला, चिखलाचा वीतभर लपका. सगळी गाडी धुतली आणि तेवढाच कोपरा राहिला? नोटेवर असा डाग असता तर मी झोपेत पकडला असता. संध्याकाळी आम्ही परत आलो तेव्हा तो कोपरा स्वच्छ होता. दिवसभर ऊन होतं, पाऊस नव्हता. आम्ही त्या वीस मिनिटांत शहाळं प्यायला समोरच्या गाड्यावर गेलो होतो आणि किल्ली त्या पोराकडे होती.

घरी आल्यावर बँकेत गेलो. साहेब सज्जन होते, पण म्हणाले, पिन तुम्ही टाकलाय, पावतीवर सही तुमची आहे, तक्रार कशाची घेऊ? प्रवास विम्याची पॉलिसी काढून वाचली. दवाखाना होता, हरवलेलं सामान होतं, भाड्याच्या गाडीचं नुकसान नव्हतं. एक गोष्ट मात्र साडूभाऊंनी परत येताना मुंबई विमानतळावरच केली होती. ॲपमधून कार्डाचे परदेशी व्यवहार बंद करून टाकले होते. तीन आठवड्यांनी आम्ही त्यांच्याकडे, नाशिकच्या उपनगर भागात, चहाला बसलो होतो, तेव्हा त्यांच्या मोबाइलवर मेसेज आला. थायलंडमधून 2500 बाटचा व्यवहार नाकारला. कशाचे, देव जाणे.

तुम्ही जाणार असाल तर मी गाडी घेऊच नका म्हणणार नाही. लांबच्या मुक्कामाला, नीट ऑफिस असलेल्या ठिकाणी, आधी बुकिंग करून, डिपॉझिट क्रेडिट कार्डावर अडवून घेणाऱ्याकडून जरूर घ्या. घेताना गाडीचा सगळीकडून व्हिडिओ काढा आणि चिखल दिसला तर हाताने पुसून मग काढा. त्या माणसालाही व्हिडिओत येऊ द्या. पण बंदरावर आठ तासांसाठी उतरणाऱ्याला ड्रायव्हरसकट गाडीच परवडते. ॲपवरून ग्रॅब, बोल्ट मिळतात, अर्ध्या दिवसाची टॅक्सी ठरवता येते आणि पैसे शेवटी द्यायचे असतात. ओरखडा पडला तर तो ड्रायव्हरचा. आणि जहाज कधी सुटतं हे कुणी विचारलं तर रात्री 11 ला म्हणून सांगा. मनगटावर एक साधं, नेटवर्क नसलेलं घड्याळ ठेवा. माझं जुनं एचएमटीचं आता कपाटातून बाहेर आलंय.

हे सगळं लिहायचं कारण, जेलरोडचे आमचे एक मित्र पुढच्या महिन्यात याच मार्गाने निघालेत. परवा त्यांना फोनवर सगळी कहाणी सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “पण गाडी दिवसाला कितीला पडली म्हणालात?”

“हजार बाट.”

“म्हणजे अडीच हजार. बरं आहे की,” म्हणाले.