आल्जुस्त्रेलच्या त्या घराला अर्धा तास पुरत नाही

लिस्बनहून फातिमाला, पोर्तुगालमधल्या पवित्र मारियेच्या तीर्थक्षेत्राला, मी पंधरवड्यात दोनदा गेले. पहिल्यांदा एका टूर कंपनीच्या अर्ध्या दिवसाच्या सहलीने, आणि चार दिवसांनी पुन्हा एकटीच, साध्या बसने. भाची म्हणाली, "मावशी, परत तिथेच कशाला? सिंत्रा बघून ये." पण पहिल्या खेपेला जे बघायला मी वसईहून एवढी लांब आले होते तेच राहून गेलं होतं.

त्या सहलीबद्दल आधी सांगते. एकूण वेळ होता अडीच तास. त्यातली पाऊण तास मूर्ती आणि जपमाळांच्या दुकानात गेली, मारियेचं दर्शन झालेल्या मेंढपाळ मुलांच्या आल्जुस्त्रेल गावाला मिळाली वीस मिनिटं. गाईड सज्जन होता, पण त्याच्या हातातही घड्याळच होतं. त्या मुलांपैकी संत फ्रान्सिस्कोच्या घरात मी शिरले आणि तेवढ्यात बाहेरून हाक आली. भाविकांनी अशी सहल घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. लिस्बनच्या सेते रियोस स्थानकावरून फातिमाची थेट बस मिळते, दीड तासात पोचवते.

मी गेली बावीस वर्षं आमच्या पॅरिशमध्ये रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. मुलं सात ते दहा वर्षांची, म्हणजे नेमकी फातिमाच्या मुलांच्या वयाची. १९१७ च्या मे महिन्यात कोवा दा इरियाच्या माळावर पवित्र मारियेचं पहिलं दर्शन झालं तेव्हा लुसिया दहा वर्षांची होती, तिची मामे-आते भावंडं फ्रान्सिस्को आणि जसिंता मार्तो आठ आणि सात. तिघं मेंढरं राखायची. घरून सांगितलेलं असायचं की दुपारच्या भाकरीनंतर जपमाळ करा. मग ही मुलं काय करायची, तर प्रत्येक मण्यावर पूर्ण प्रार्थनेऐवजी नुसतं "नमो मारिया, नमो मारिया" म्हणत जायची आणि शेवटी "आमच्या बापा" एवढंच म्हणून खेळायला मोकळी! वर्गात हे सांगितलं की मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात, कारण त्यांनीही घरी हेच केलेलं असतं.

दर्शनात फ्रान्सिस्कोला मारिया दिसत होती, पण तिचे शब्द ऐकू येत नव्हते. लुसिया आणि जसिंता त्याला नंतर सांगायच्या. तो स्वर्गात जाईल का, असं लुसियाने विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की जाईल, पण त्याला पुष्कळ जपमाळा कराव्या लागतील. हे कळल्यावर तो मुलगा खट्टू झाला नाही. म्हणाला, हव्या तेवढ्या करीन. आणि केल्या. मण्यांवरून पळणारा हाच मुलगा खेळ सोडून भिंतीआड, झुडपाआड एकटा जाऊन जपमाळ करू लागला.

त्याचं घर ठेंगणं, पांढरं, एकमजली. प्रवेशाला पैसे नाहीत. खोल्या इतक्या लहान की चार माणसं शिरली तर पाचव्याने दारात थांबावं. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत तो इथेच अंथरुणाला खिळला आणि ४ एप्रिल १९१९ ला इथेच वारला. त्याच्या खोलीत उभं राहून मला त्याचं शेवटचं पापनिवेदन आठवलं. फादर येण्याआधी त्याने लुसियाला आणि बहिणीला विचारलं होतं, मी कुठली पापं केलेली तुम्हाला आठवतात? लुसिया म्हणाली, तू कधी कधी आईचं ऐकत नव्हतास. जसिंता म्हणाली, दर्शनांच्या आधी तू बाजा घ्यायला बाबांचं नाणं चोरलंस, आणि बोलेयरोस गावच्या पोरांवर दगड मारलेस. त्याने सगळं कबूल केलं, काही आधीच सांगितलेलंही पुन्हा सांगायचं ठरवलं. मरणाच्या आदल्या दिवशी त्याला परमप्रसाद मिळाला. अकरा वर्षं पूर्ण व्हायला दोन महिने होते. त्या अरुंद खोलीत मी दुसऱ्या खेपेला चाळीस मिनिटं उभी होते. माणसं येत होती, जात होती, कोणी घाई केली नाही.

जसिंताही इथेच जन्मली, पण तिचा शेवट लिस्बनच्या इस्पितळात झाला, २० फेब्रुवारी १९२० ला, रात्री, जवळ घरचं कोणी नसताना. तिच्यासाठी मी इथे जास्त थांबू शकले नाही, मन भरून येत होतं.

घरापासून लोका दो काबेसो या खडकाळ जागेला चालत जा. ऑलिव्हची झाडं, दगडी कुंपणं, ऊन. वाटेवर हंगेरीच्या कॅथलिकांनी दिलेली क्रुसाच्या वाटेची छोटी चॅपेलं आहेत. काबेसोला १९१६ मध्ये देवदूताने मुलांना कपाळ जमिनीला टेकवून प्रार्थना करायला शिकवलं. फ्रान्सिस्को म्हणायचा, मला तुमच्याइतका वेळ असं राहता येत नाही, पाठ दुखते. माझे गुडघे दुखरे आहेत, म्हणून हे वाक्य मला फार जवळचं वाटतं. पाणी बरोबर ठेवा, वाटेत सावली कमी आहे.

मुख्य तीर्थक्षेत्राबद्दल थोडक्यात. दर्शनस्थळीचं छोटं चॅपेल हे सगळ्याचं हृदय आहे. जपमाळेच्या बॅसिलिकेत फ्रान्सिस्कोची कबर वेदीच्या उजव्या बाजूला, जसिंता आणि लुसियाची डाव्या बाजूला. मेणबत्त्यांचे पैसे पेटीत आपणच टाकायचे, कोणी मोजत नाही. रात्री साडेनऊची जपमाळ आणि मेणबत्त्यांची मिरवणूक चुकवू नका, त्यासाठी फातिमातच मुक्काम करा. जपमाळ वेगवेगळ्या भाषांत होते, मी आपली मराठीत पुटपुटत होते. २०१७ च्या १३ मे ला पोप फ्रान्सिस यांनी याच पटांगणात दोघा भावंडांना संत घोषित केलं. मे ते ऑक्टोबरच्या १२-१३ तारखांना इथे पाय ठेवायला जागा नसते. घर शांतपणे बघायचं असेल तर त्या तारखा टाळा.

पण सगळ्यात जास्त आग्रह मी धरीन तो फातिमाच्या जुन्या पॅरिश चर्चचा. टूरवाले तिथे नेत नाहीत. या चर्चमध्ये फ्रान्सिस्कोचा बाप्तिस्मा झाला. पुढे लुसिया शाळेला निघाली की तो वाटेत इथेच थांबायचा. म्हणायचा, मी लवकरच स्वर्गात जाणार आहे, मला वाचायला शिकून काय करायचं, मी लपलेल्या येशूजवळ बसतो, तू परत जाताना मला हाक मार. लपलेला येशू म्हणजे पवित्र साक्रामेंत, चर्चमध्ये ठेवलेली परमप्रसादाची पवित्र भाकर; हा त्या मुलांचाच शब्द. शाळा सुटेपर्यंत तो तिथे एकटा बसायचा.

मी दुपारी तीनच्या सुमारास गेले. एक म्हातारी फुलं बदलत होती. बाकी बाक रिकामे होते. तासाभराने ती जवळ आली, पोर्तुगीजमध्ये काही बोलली, मी "फ्रान्सिस्को" एवढंच म्हटलं. तिने मान हलवली, आणि मी आणखी अर्धा तास तिथेच बसले.