सेलमचा मोठा साबुदाणा: दाणा चोख, पाकिटावरची बढाई सोडून द्या

आधी दाण्याचं सांगते, कारण पैसे त्याचेच मोजलेत. माझा नवी पेठेत घरगुती डब्याचा व्यवसाय आहे, आणि एकादशीला खिचडीचा गोळा झाला तर दिवसभर फोनवर बोलणी खावी लागतात. हा साबुदाणा तशी वेळ आणत नाही. दोन पाण्यांनी धुतला, दाणे जेमतेम बुडतील इतकंच पाणी ठेवून रात्रभर झाकला. सकाळी प्रत्येक दाणा सुटा. चिमटीत दाबला तर मऊ, मधे खडा नाही. धुतानाचं पाणीही फार दुधाळ झालं नाही, म्हणजे पाकिटात पिठी कमी. खिचडी चिकट होते ती बहुतेक या पिठीमुळे आणि पाण्याला हात सैल सुटल्यामुळे. रंग किंचित मळकट पांढरा आहे, मला तोच बरा वाटतो. खडूसारखा पांढराशुभ्र साबुदाणा पाहिला की मी दुकानदाराला दोन प्रश्न जास्त विचारते.

आता पाकिटाची मागची बाजू. तिथे छापलंय, ‘हजारो वर्षांची उपवासाची परंपरा’. अहो, कुठली हजारो वर्षं?

साबुदाणा होतो तो कसाव्याच्या कंदापासून. हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, आपल्याकडे केरळच्या किनाऱ्यावर सतराव्या शतकात पोर्तुगिजांनी आणलं. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ (कारकीर्द १८८० ते १८८५) यांनी गरिबाच्या पोटाला आधार म्हणून त्याची लागवड वाढवली. तिकडे हाच कंद उकडून माशाच्या कालवणाबरोबर खातात, आणि आपण त्याच्यावर एकादशी धरतो! साबुदाणा मात्र बराच काळ मलाया-सिंगापूरकडून बोटीने यायचा. दुसऱ्या महायुद्धात ती आवक थांबली, आणि १९४३ च्या सुमारास तमिळनाडूतल्या सेलममध्ये माणिकम चेट्टियार यांनी तो इथेच करायला घेतला. ते होते मासळीचे व्यापारी. माझ्या सासूबाईंना हे सांगितलं, तर म्हणाल्या, “असू दे, जिरं-तूप तर आपलंच आहे ना.” खरंच, ताटात जुनं म्हणावं तर तेवढंच. बटाटा, शेंगदाणा, हिरवी मिरची, तिघंही अमेरिकेतून आलेले. उपवासाचं रताळंसुद्धा तिकडचंच. जुनं हवं असेल तर वरीचे तांदूळ खा, शिंगाडा खा. त्यांच्या मागे कुणी रांग लावत नाही, ही गोष्ट वेगळी.

आणि साबुदाणा शेतात पिकतही नाही. कंद सोलून, किसून त्याचं दूध काढतात, ते हौदात निवळू देतात. तळाशी बसलेलं ओलं पीठ चाळून, हलवून त्याचे गोल दाणे वळवतात, मग तव्यावर परतून उन्हात वाळवतात. वाफवून केलेला तो नायलॉन साबुदाणा, चिवड्यासाठी तळायचा. तो खिचडीला चुकूनही घेऊ नका. सेलमच्या साबुदाण्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कंपनीला छापायचंच होतं तर हे छापायचं की! पाकिटावर ‘सेलम’ हा शब्द आहे, पण इतका बारीक की चष्मा लावून शोधावा लागतो.

तक्रारी दोन. पाकीट कात्रीशिवाय उघडत नाही आणि एकदा उघडलं की बंद होत नाही, दाणे कपाटभर. शिवाय सुट्या साबुदाण्यापेक्षा किलोमागे भाव चढा आहे. रोजच्या खिचडीसाठी तो फरक मी देईन, कारण भिजवलेला साबुदाणा फुकट जाणं त्याहून महाग पडतं. वड्यासाठी देणार नाही. वड्यात बटाटा आणि दाण्याचा कूट सगळं धरून ठेवतात, तिथे मार्केट यार्डातला सुटा मालही छान चालतो, फक्त पिठी आधी चाळून घ्या. खिरीला हा मोठा दाणा शिजायला वेळ घेतो, तिथे बारीकच बरा.

पाचपैकी चार तारे. एक तारा पाकिटाचा कापला.