लाँगबोर्ड की शॉर्टबोर्ड, या वादात गेलेले ५२,५५० रुपये

सर्फिंगचा वापरलेला बोर्ड ऑनलाइन विकत घेताना माझे एकूण ५२,५५० रुपये गेले आणि बोर्ड एकही आला नाही. आधी टोकन, मग उरलेली रक्कम, मग परत मिळणारी अनामत आणि शेवटी नाक्यावर अडकलेली गाडी, ही साखळी कशी चालते हे कोणाला नव्याने सांगायला नको. मलाही ती ठाऊक होती. ओटीपी मागणाऱ्यांना, वीज तोडण्याची धमकी देणाऱ्यांना आणि परदेशातून पार्सल आल्याचे सांगणाऱ्यांना मी आजवर दटावून फोन ठेवलेला आहे. तरीही मी फसलो, कारण या माणसाने पैशांचा विषय कधी मुख्य होऊच दिला नाही. लांब बोर्ड घ्यावा की आखूड, या प्रश्नात त्याने मला इतके गुंतवून ठेवले की मुळात त्याच्याकडे बोर्ड आहे का, हे विचारायचे राहूनच गेले.

हा प्रश्न खोटा नाही, म्हणूनच तो आमिष म्हणून उपयोगी पडतो. लाँगबोर्ड साधारण नऊ फूट किंवा त्याहून लांब, रुंद आणि पुढून गोल असतो. तो पाण्यावर भरपूर तरंगतो, हातांनी वल्हवायला हलका जातो आणि लहान, संथ लाटही लवकर पकडतो. शॉर्टबोर्ड बहुधा सात फुटांच्या आतला, अरुंद आणि टोकाला निमुळता असतो. उभ्या, जोरकस लाटेवर तो चपळाईने वळतो, पण गोव्याच्या हिवाळ्यातल्या मऊ लाटेवर नवख्या माणसाला तो जवळजवळ निरुपयोगी असतो. आश्वे-मांद्रे भागात मी शिकलो, तिथल्या प्रशिक्षकाने एक साधा हिशेब सांगितला होता: नवशिक्याच्या बोर्डाचे आकारमान लिटरमध्ये निदान त्याच्या वजनाच्या आकड्याइतके असावे. माझे वजन ७८ किलो आहे, म्हणजे नऊ फुटी लाँगबोर्ड हे उत्तर तिथेच संपले होते. पुढे जे घडले ते हे उत्तर विसरायला लावण्यासाठीच घडले.

वापरलेलाच बोर्ड का शोधला, असे मला अनेकांनी तोंडावर विचारले, म्हणून सांगतो. आपल्याकडे चांगले बोर्ड बरेचसे आयात होतात, त्यामुळे नव्याची किंमत परवडण्यासारखी नसते. भाड्याच्या बोर्डाला तासाला ५०० रुपये मोजून मी कंटाळलो होतो. आणि हंगाम संपताना परदेशी पर्यटक आपले बोर्ड विकून जातात, हे खरेच आहे. तेव्हा पावसाळ्याच्या तोंडावर गोव्यातून बोर्ड विक्रीला निघाला, यात संशय घेण्यासारखे काही नव्हते. हे मी आजही म्हणतो.

जाहिरात ९ फूट २ इंचाच्या लाँगबोर्डची होती, किंमत ३८,००० रुपये. फोनवरचा माणूस स्वच्छ मराठी बोलत होता, आपण मूळचे सावंतवाडीकडचे असल्याचे सांगत होता आणि मला पहिल्या वाक्यापासून ‘दादा’ म्हणत होता. बोर्ड इतर कोणाला दाखवू नये म्हणून मी ५,००० रुपये टोकन पाठवले. पैसे पोहोचताच त्याने जे केले ते फसवणारा माणूस करील असे कोणालाही वाटणार नाही: त्याने मला तो बोर्ड घेऊ नका असे सांगितले. “दादा, नऊ फुटी बोर्ड पुण्यातल्या तुमच्या लिफ्टमध्ये मावतो का, ते आधी बघा. नंतर मला शिव्या देऊ नका.” जो विक्रेता महागडी वस्तू विकण्याऐवजी अडचण दाखवतो, त्याच्यावर कोण अविश्वास ठेवील? मी टेप घेऊन लिफ्ट मोजली, जिन्याचे वळण मोजले, गाडीचे छत मोजले. त्याच्या बोर्डाला टेप लावून फोटो पाठव, असे मात्र मी म्हटले नाही. तुम्ही म्हणा. टेपचा आकडा, दोन्ही टोके आणि त्या दिवशीचे वर्तमानपत्र एकाच फोटोत दिसत नसेल, तर पुढचे बोलणेच नको.

मग त्याने ६ फूट २ इंचाचा शॉर्टबोर्ड पुढे केला: ३१ लिटर, २६,५०० रुपये, बसच्या डिकीत सहज जाईल असा. त्याने सांगितलेल्या गोष्टी सुट्या-सुट्या तपासल्या तर खऱ्याच निघत होत्या. ऑलिंपिकमध्ये शॉर्टबोर्डच चालतात, हे खरे आहे. टोकियोच्या स्पर्धेत २०२१ साली तेच वापरले गेले, आणि पॅरिसच्या स्पर्धेत २०२४ साली, ताहिती बेटावरच्या तेआहुपो येथे, पुन्हा तेच. आखूड बोर्ड येणाऱ्या लाटेखालून दाबून पलीकडे नेता येतो आणि लांब बोर्ड तसा नेता येत नाही, हेही खरे. बोर्डाच्या तळाला आज सर्रास दिसणारी तीन फिनांची, म्हणजे माशाच्या परांसारख्या पात्यांची, रचना ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने १९८०-८१ च्या सुमारास रूढ केली, हे तो अशा सहजतेने सांगे की समोरचा माणूस लाटांवर वाढलेला आहे, याबद्दल शंकाच उरू नये. ऑलिंपिकमधला खेळाडू आणि पंचेचाळिशीकडे झुकलेला पुण्याचा नोकरदार यांच्यातला फरक तेवढा त्याने सांगितला नाही. “तुम्ही आता शिकाऊ राहिला नाहीत,” हे त्याचे वाक्य होते. ज्याने मला पाण्यात कधी पाहिले नव्हते, त्याचे.

आता त्याने पाठवलेल्या बोर्डांच्या फोटोबद्दल. दोन्ही बोर्ड एकाच निळ्या दरवाजाला टेकवून ठेवलेले होते. आपल्याकडे दरवाजा साधारण सात फुटांचा असतो. सव्वानऊ फुटी बोर्ड थोडा तिरका उभा केला तरी तो चौकटीच्या वर हातभर तरी जायलाच हवा. फोटोतल्या ‘लाँगबोर्ड’चे टोक चौकटीच्या चांगले खाली होते. तो फोटो मी मोठा करून पाहिला, पत्नीला दाखवला, कार्यालयातल्या सहकाऱ्याला दाखवला आणि प्रत्येक वेळी बोर्डाच्या टोकाची गोलाई, रंग आणि पिवळेपणा तपासला. दरवाजाकडे कोणाचेच लक्ष गेले नाही. रोज दारातून ये-जा करणाऱ्या तीन सुशिक्षित माणसांना सात फूट आणि नऊ फूट यांतला फरक दिसला नाही, याची चीड मला चोरापेक्षाही जास्त येते. पण माझे लक्ष बोर्डाकडे होते, कारण बोर्ड कसा तपासावा हेच मी शिकलो होतो. पाणी शिरलेला फोम पिवळा पडतो, मोडून जोडलेल्या बोर्डावर आडवी रेघ दिसते किंवा ती झाकायला मधोमध रंगाचा पट्टा मारलेला असतो, फायबरग्लासचा थर सुटला असेल तर ठोकल्यावर पोकळ आवाज येतो, बोर्डाच्या मधल्या लाकडी पट्टीजवळ कारागिराने पेन्सिलने लिहिलेली मापे पुष्कळदा दिसतात. हे सगळे ज्ञान बोर्ड हातात असेल तेव्हाच कामाचे, आणि फोटोत पेन्सिलची मापे दिसत नव्हती तेव्हाच ती मागायला हवी होती.

दुसरी खूण त्याने स्वतःच दिली होती. जुलैमध्ये तो म्हणाला की काल संध्याकाळीच या बोर्डावर बराच वेळ लाटांवर होतो. भर पावसाळ्यात गोव्याचा समुद्र कसा असतो आणि किनाऱ्यावर लाल बावटे का लागतात, हे मला माहीत नव्हते असे नाही. परंतु तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, कोवलम-महाबलीपुरम भागात, याच महिन्यांत सर्फिंगला चांगल्या लाटा मिळतात. त्याचे बोलणे मी मनातल्या मनात त्या किनाऱ्याशी जुळवून घेतले. खोटे बोलणाऱ्याला आपणच पुरावे पुरवतो, ते असे.

बाकीचे झटपट झाले. शॉर्टबोर्डचे उरलेले २१,५०० रुपये. पॅकिंग आणि ट्रान्सपोर्टचे ३,२००. नंतर, “तुमचे मन अजून लांब बोर्डात आहे, दोन्ही पाठवतो, आवडेल तो ठेवा,” म्हणून लाँगबोर्डची परत मिळणारी अनामत १५,०००. दोन्हींतला एक निवडण्याची सक्ती संपल्यामुळे मला त्या दिवशी चक्क हलके वाटले होते. शेवटी माल नाक्यावर अडवल्याचे सांगून कराचे म्हणून ७,८५०. जुन्या खासगी वस्तूवर कसला कर, असे मी विचारले तेव्हा त्याने शिक्का मारलेल्या पावतीचा फोटो पाठवला. त्या पावतीवर ‘सर्फबोर्ड’ हा शब्द चुकीचा लिहिलेला होता. सरकारी कागदावर तशी चूक असणे मला नैसर्गिकच वाटले. त्यानंतर फोन बंद झाला. आवडला नाही तर परत करा, असे अनोळखी माणूस सांगतो तेव्हा परत करण्यासारखे त्याच्याकडून काही येणारच नसते.

पुढची कथा मला अधिक संतापजनक वाटते. बँकेच्या ग्राहकसेवेने सांगितले की यूपीआयचा पिन तुम्ही स्वतः टाकला आहे, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीचा आहे. ग्राहकाच्या नकळत झालेल्या व्यवहारांना रिझर्व्ह बँकेचे जे संरक्षण आहे, ते याला लागू नाही. नियम असाच आहे, हे मला मान्य करावे लागले. परंतु पैसे ज्या खात्यात गेले ते गोठवण्याची विनंती तरी पुढे पाठवा, असे मी म्हटल्यावर मला शाखेत लेखी अर्ज द्यायला सांगितले, आणि शाखेने तो ग्राहकसेवेकडे पाठवला. हे चक्र फिरत असताना तिकडे एटीएममधून रोकड काढली जात होती. म्हणून सांगतो: बँकेच्या आधी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक फिरवा, त्याच तासात फिरवा, आणि व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक हाताशी ठेवा. मी तो फोन केला तो बँकेत हेलपाटे घालून झाल्यावर, कारण बँकेत एकानेही मला तसे सुचवले नाही.

१९३० वर तक्रार नोंदवली गेली आणि समोरच्या खात्यात उरलेले २,१४० रुपये गोठले. उरलेल्या ५०,४१० रुपयांसाठी मी पोलीस ठाण्यात गेलो. तिथे पहिला प्रश्न हद्दीचा: खाते एका राज्यातले, फोन दुसऱ्या राज्यातला, माल गोव्यातला आणि तक्रारदार पुण्याचा, तेव्हा गुन्हा घडला कुठे? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे मी छापील प्रत दाखवून सांगितले. प्रत बाजूला ठेवण्यात आली. मला सायबर विभागाकडे पाठवले; सायबर विभागाने रक्कम लहान असल्यामुळे स्थानिक ठाण्यातच जा असे सांगितले; स्थानिक ठाण्यातले संबंधित साहेब बंदोबस्तावर होते. ५२,५५० रुपये ही कोणाच्या मते लहान रक्कम आहे, हे मी त्या कार्यालयात मोठ्या आवाजात विचारले आणि मला शांत बसण्यास सांगण्यात आले. अखेर जो अर्ज घेतला गेला त्यावर मालाचे वर्णन ‘पोहण्याची लाकडी फळी, २ नग’ असे लिहिले आहे. ती लाकडी नाही, फोमवर फायबरग्लास चढवून केलेली असते, असे मी सांगू लागलो तेव्हा कर्मचाऱ्याने विचारले, “मिळाली आहे का तुम्हाला? मग कशाची आहे ते तुम्हाला काय माहीत?” याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

ज्या संकेतस्थळावर जाहिरात होती त्यांचे उत्तर एका ओळीचे: आम्ही केवळ विक्रेता आणि ग्राहक यांची ओळख करून देतो. जाहिरात काढा, ही माझी विनंती ‘विचाराधीन’ असतानाच तोच निळा दरवाजा दुसऱ्या नावाने पुन्हा झळकला. या वेळी बोर्ड आठ फुटी आहे आणि किंमत २२,००० रुपये.

गोठलेले २,१४० रुपये परत मिळवण्यासाठी न्यायालयात संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करावा लागेल, असे मला सांगण्यात आले, आणि त्यासाठी वकिलांनी ३,००० रुपये फी सांगितली. मी अर्ज करणार आहे. तोट्याचा असला तरी करणार आहे. निळा दरवाजा, खाली तांबड्या फरशा आणि उजव्या कोपऱ्यात अर्धवट दिसणारा पाण्याचा पिंप, असा फोटो पाहून ज्यांनी टोकन दिले असेल, त्यांनी रक्कम कितीही लहान असली तरी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्वतःची स्वतंत्र तक्रार नोंदवावी आणि पैसे ज्या खात्यात गेले त्याचा तपशील तीत अचूक भरावा. एकाच खात्याविरुद्ध अनेक तक्रारी आल्या तर फाइल हलते, असे मला त्याच ठाण्यातल्या एका कर्मचाऱ्याने दाराबाहेर येऊन, हळू आवाजात सांगितले आहे.